अक्षर ओळखतं, पण वाचत नाही: मुलाला अक्षर आणि आवाज जोडून देण्याची पद्धत

‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गणपतीचा’ हे मोठ्या शिशूतलं मूल न अडखळता म्हणतं. त्याच मुलासमोर ‘कप’ असं लिहून ठेवलं की ते ‘कमळ’ म्हणतं. नाहीतर ‘कमळाचा, पतंगाचा’ एवढं म्हणून आपल्या तोंडाकडे बघत राहतं. घरच्यांना वाटतं सराव कमी पडला, म्हणून तक्ता आणखी दहा वेळा म्हणवून घेतात. सराव भरपूर झालेला असतो. पण मुलानं अक्षराची गाठ चित्राशी बांधलेली असते आणि आवाज मधल्या मध्ये सुटून गेलेला असतो.

ठाण्यात आणि नवी मुंबईत यात आणखी एक गुंता आहे. मुलं मोठ्या संख्येनं इंग्रजी माध्यमात जातात, तिथं फोनिक्स (इंग्रजी अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याची पद्धत) चालू असतं, घरी आजी मुळाक्षरं म्हणवून घेते, आणि २०२० च्या कायद्यानुसार मराठी विषय पहिलीपासून सगळ्याच माध्यमांच्या शाळांत शिकवायचा आहे. पहिलीत मराठी ‘अचानक’ आल्यासारखं वाटू नये, म्हणून पालक बालवाडीच्या वयातच घाई करतात आणि नेमका क्रम चुकतो.

इथला क्रम साडेतीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आईबाबा, आजीआजोबा, अंगणवाडीच्या ताई, कोणालाही तो वापरता येईल. आधी कान, मग डोळा, शेवटी हात. बहुतेक घरांत हे उलट होतं: पहिल्याच दिवशी गिरवायची वही येते.

## पूर्वतयारी

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. साहित्य तयार असेल तर रोजचा खेळ दहा मिनिटांत होतो. नसेल तर शोधाशोधीतच मुलाचं लक्ष उडतं.

शब्दांची यादी. एखाद्या अक्षरासाठी वस्तू निवडताना बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. ‘क’साठी किल्ली, कुलूप, कोबी गोळा करतात. पण मुलाच्या कानाला त्यांत कि, कु, को ऐकू येतो, ‘क’ नाही. सुरुवातीला असेच शब्द घ्या ज्यांचं पहिलं अक्षर बिनमात्रेचं आहे:

- क: कप, कणीस, कमळ
- म: मका, मणी, मध
- र: रवा, रबर, रस
- न: नळ, नथ
- घ: घर, घड्याळ
- ब: बस, बटण, बटाटा
- प: पळी, पणती, पतंग
- त: तवा, तबला
- स: ससा, सफरचंद

कंगवा, घंटा हे शब्दही आत्ता नकोत, कारण तिथं पहिल्याच अक्षरावर अनुस्वार आहे. प्लेट, ब्रश, स्टूल जोडाक्षरानं सुरू होतात, तेही बाजूला ठेवा. आणि मुलानं कधी न पाहिलेली वस्तू घेऊ नका. खटारा म्हणजे काय हे घोडबंदर रोडवर राहणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला कसं कळणार? त्याला खडू द्या.

पहिली सहा अक्षरं. अ, आ, इ, ई पासून किंवा क, ख, ग, घ पासून ओळीनं सुरू करू नका. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेला आहे, म्हणून एकसारखे आवाज त्यात शेजारी शेजारी येतात. मोठ्यांच्या दृष्टीनं ती सोय, लहानग्याच्या कानाला मात्र क आणि ख, ग आणि घ यांतला फरक पकडणं सगळ्यात अवघड. पहिल्या गटातली अक्षरं दिसायला वेगळी, ऐकायला वेगळी आणि लगेच शब्द तयार करणारी हवीत. मी हा गट सुचवते: घ, र, म, क, न, ळ. याच क्रमानं. दुसरं अक्षर आलं की ‘घर’ वाचता येतं, तिसऱ्या-चौथ्यानंतर ‘कर’, पाचव्यावर ‘मन’, ‘नरम’, ‘नमन’, आणि ‘ळ’ आला की ‘नळ’ आणि ‘कमळ’. म आणि न हे दोन्ही नाकातले आवाज असल्यामुळे त्यांच्यामध्ये मुद्दाम ‘क’ घातला आहे.

साहित्य. तळहाताएवढे पुठ्ठ्याचे चौकोन, त्यांवर पॉलिश पेपरमधून कापून चिकटवलेली अक्षरं. हा कागद कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. फार जाडाभरडा घेऊ नका, बोट सोलवटतं. एक ताट आणि त्यात पातळ थर होईल इतका कोरडा रवा. पावसाळ्यात रवा ओलसर होऊन अक्षर नीट उमटत नाही, तेव्हा बारीक रांगोळी बरी पडते, पण डोळ्यांत जाऊ नये म्हणून शेजारी बसून राहा. प्रत्येक अक्षराच्या दोन-तीन वस्तू एका डब्यात. एवढंच. रंगीत तक्ता भिंतीवर असला तर असू द्या, त्यावरून शिकवू नका.

छापील मजकुरात ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन-दोन रूपं दिसतात. मुलाच्या पुस्तकात जे आहे तेच पुठ्ठ्यावर कापा.

तुमचा स्वतःचा उच्चार. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. मराठीत नाव आणि आवाज एकच, ही आपली मोठी सोय आहे. म्हणून ‘कमळाचा क’ म्हणायची गरजच नाही, नुसतं ‘क’ म्हणा. आखूड म्हणा. ‘कऽऽ’ असं लांबवलं की मुलाला ते ‘का’ ऐकू येतं, आणि दोन महिन्यांनी काना शिकवताना क आणि का यांत काय फरक आहे हे त्याला कळेनासं होतं. ‘कमळ’ हा शब्द ‘कामाळा’ असा वाचणारं मूल बहुतेक वेळा अशा लांबवलेल्या उच्चारातूनच तयार झालेलं असतं. आरशासमोर एकदा म्हणून बघा.

## टप्पा १: शब्दाचे ठोके ऐकणं

पाटी नाही, पुठ्ठे नाहीत. फक्त टाळी. मुलाला आपण बोलतो ते तुकड्या-तुकड्यांचं असतं हे कळायला हवं. मा-मा, का-का, ठा-णे, वा-शी, ऐ-रो-ली. प्रत्येक तुकड्याला एक टाळी. घरातल्या सगळ्यांची नावं घ्या, मुलांना स्वतःच्या नावाचे ठोके मोजायला फार आवडतं.

इथं एक बारकावा आहे. ‘सानपाडा’ लिहिताना चार अक्षरं, पण बोलताना तीनच ठोके पडतात: सान-पा-डा. ‘नेरूळ’चे दोन: ने-रूळ. ‘कमळ’चेही दोन. मराठीत शब्दाच्या शेवटच्या आणि कधी कधी मधल्या अक्षरातला ‘अ’ बोलताना गळून जातो. मूल कानानं ऐकून दोन टाळ्या वाजवत असेल तर ते बरोबर आहे. ‘नाही, तीन अक्षरं आहेत’ म्हणून त्याला दुरुस्त करू नका, कारण त्यामुळे स्वतःच्या कानावरचा त्याचा विश्वास जातो. हा घोटाळा नको असेल तर सुरुवातीला स्वर स्पष्ट ऐकू येणारे शब्दच घ्या: काका, ठाणे, वाशी, ऐरोली, बटाटा.

> तपासणी: नवा शब्द दिल्यावर मूल तुमच्या हातांकडे न बघता स्वतः टाळ्या वाजवतं का? वाजवत असेल तर पुढे चला. याला काही मुलांना चार दिवस लागतात, काहींना तीन आठवडे.

## टप्पा २: पहिला आवाज पकडणं

वस्तूंचा डबा आता बाहेर काढा. ताटात मका, मध, मणी ठेवा आणि प्रत्येक वस्तू हातात देत सावकाश म्हणा: ‘म… मका. म… मध. म… मणी.’ ‘म’ ओठ मिटून गुणगुणता येतो, त्यामुळे तो लवकर कळतो. ‘क’ तसा धरून ठेवता येत नाही. तो तुटक दोनदा म्हणा: ‘क, क, कप.’

मग त्यात एक पाहुणा घाला: मका, मध, रवा. ‘यात म नसलेलं कोण?’ ही पायरी पहिलीपेक्षा अवघड आहे, म्हणून ती नंतर. तिसऱ्या पायरीवर वस्तूशिवाय, नुसत्या बोलण्यातून: ‘स्वयंपाकघरात एक गोष्ट आहे, प नं सुरू होते, तिनं आमटी वाढतात.’ जांभळी नाक्यावर किंवा सेक्टरातल्या मंडईत भाजी घेताना हा खेळ फार चांगला जमतो. गवार दिसली की ‘ग’, मटार दिसला की ‘म’.

गाण्याच्या भेंड्या घरोघरी खेळतात, पण त्या शेवटच्या अक्षरावर चालतात. शेवटचा आवाज पकडणं पहिल्या आवाजापेक्षा उशिरा जमतं. मोठ्या भावंडांसोबत लहान मूल खेळायला बसलं तर त्याला सूट द्या.

‘ळ’ आणि ‘ण’ यांचं मात्र वेगळं आहे. मराठीत कुठलाही नेहमीचा शब्द यांनी सुरू होत नाही. ‘ळ नं सुरू होणारा शब्द सांग’ असं विचारणं म्हणजे मुलाला उगाच कोंडीत पकडणं. हे दोन आवाज शेवटी किंवा मध्ये ऐकवा: नळ, बाळ, फळ, बाण, पाणी, ठाणे. ‘ठाणे’ रोज कानावर पडणारा शब्द आहे, त्याचा फायदा घ्या.

> सावध: मूल ‘घर’ला ‘घल’ म्हणत असेल तर लगेच चूक धरू नका. ‘र’ पुष्कळ मुलांच्या जिभेवर पाच वर्षांनंतरच नीट बसतो. ते ऐकतं बरोबर आणि बोलतं वेगळं, असं असू शकतं. तुम्हीच मुद्दाम ‘आपण घल ला जाऊ’ म्हणा. ते हसलं किंवा ‘असं नाही’ म्हणालं, तर कान शाबूत आहे, पुढे चला.

> तपासणी: डब्यातल्या सहा मिसळलेल्या वस्तू मूल आवाजाप्रमाणे दोन वाट्यांत वेगळ्या करतं का? हे जमेपर्यंत अक्षर दाखवू नका. सगळ्या लेखात हीच एक गोष्ट मी हट्टानं सांगेन. जिथं घाई होते ती इथंच.

वारंवार सर्दी होणारं, कान फुटणारं, पाठीमागून हाक मारली तर न वळणारं मूल या टप्प्यावर अडकत असेल, तर ते हट्टी आहे असं समजू नका. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलाला स आणि श, त आणि ट यांतला फरक शिकवून येत नाही.

## टप्पा ३: आवाजाला अक्षर देणं

आता पुठ्ठा. एका बैठकीत एकच नवं अक्षर, आणि दुसऱ्या अक्षरापासून सोबत एक जुनं. आठवड्याला दोन नवी अक्षरं पुरेत.

1. पॉलिश पेपरच्या ‘घ’वरून आधी तुम्ही पहिली दोन बोटं फिरवा, लिहिण्याच्या दिशेनं, आणि फिरवतानाच ‘घ’ म्हणा. मग मुलाची बोटं फिरवू द्या. बोट आणि आवाज एकाच वेळी चालायला हवेत.
2. दोन पुठ्ठे शेजारी ठेवा. ‘मला घ दे.’ ‘र उशीखाली लपव.’ ‘घ आजीला नेऊन दे.’ मूल उठतं, पळतं, परत येतं. हा भाग लांबवा, इथंच अक्षर पक्कं होतं.
3. शेवटी पुठ्ठा दाखवून विचारा, ‘हे काय म्हणतं?’

तिसरा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो, ही नेहमीची चूक. ऐकून ओळखणं सोपं, आठवून सांगणं अवघड. मूल तिसऱ्यात चुकलं तर ‘चुकलं’ न म्हणता दुसऱ्यावर परत या.

प्रश्नाचे शब्दही बघा. ‘हे कशाचं अक्षर?’ असं विचारलं की उत्तर ‘घराचं’ येणार. ‘हे काय म्हणतं?’ असं विचारलं की उत्तर ‘घ’ येतं. शाळेत ‘घ घराचा’ पाठ झालेल्या मुलाला या सवयीतून बाहेर काढायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यासाठी एकाच अक्षराला रोज वेगळी वस्तू जोडा: आज मका, उद्या मध, परवा मगर. चित्र बदलत राहिलं की मुलाला कळतं, न बदलणारी गोष्ट आवाज आहे.

> तपासणी: पुठ्ठे उलटसुलट क्रमानं, चित्राशिवाय दाखवल्यावर मूल आवाज सांगतं का? आणि उलट बाजूनं, तुम्ही आवाज म्हटल्यावर पुठ्ठा उचलतं का? दोन्ही हवं.

## टप्पा ४: दोन आवाज जोडून शब्द

सहाही अक्षरं येईपर्यंत थांबू नका. घ आणि र आले की ‘घर’.

पुठ्ठे हातभर अंतरावर ठेवा. एकावर बोट ठेवून ‘घ’, दुसऱ्यावर ‘र’. मग अंतर कमी करा, पुन्हा म्हणा. शेवटी पुठ्ठे एकमेकांना टेकवा आणि चटकन म्हणायला सांगा. मूल आधी ‘घ, र’ म्हणतं, दोन्हींत ‘अ’ ठेवून. वेग वाढला की शेवटचा ‘अ’ आपोआप गळतो आणि त्याच्या कानाला ओळखीचा शब्द ऐकू येतो. तो क्षण त्याचा त्याला मिळू द्या. तुम्ही आधी ‘घर!’ म्हणून टाकलंत तर तो पुन्हा आणायला दुप्पट वेळ लागतो. शेवटचा अ उच्चारत नाहीत हा नियम समजावू नका. मराठी बोलणाऱ्या मुलाला तो माहीत आहे, फक्त सांगता येत नाही.

पुढे कर, मन, नळ. तीन अक्षरी शब्द यानंतर: नरम, नमन, कमळ. तिसरं अक्षर येईपर्यंत पहिलं विसरलं जातं; तसं झालं तर आधी ‘क-म’ जोडून ‘कम’, मग ‘कम-ळ’.

> सावध: शब्दाशेजारी चित्र ठेवू नका. नळाचं चित्र असेल तर मूल चित्र वाचतं. चित्र शब्द वाचून झाल्यावर, खातरजमा म्हणून.

## टप्पा ५: काना, आणि तोही लवकर

आपल्याकडे सगळी व्यंजनं संपली की काना, तो संपला की वेलांटी, आणि मग बाराखडी किंवा शाळेतली चौदाखडी ओळीनं पाठ. तोवर मुलाला वाचायला काही नसतं. पहिल्या सहा अक्षरांनंतर लगेच काना द्या, म्हणजे किती दारं उघडतात बघा: काका, मामा, नाना, नाक, कान, मान, काम, घाम, माळ, काळा, मका, कमान, नारळ. ‘मामा, काम कर.’ ‘काळा नारळ.’ सहा अक्षरं आणि एक काना, आणि मूल अर्थाचं वाक्य वाचतं.

काना वेगळ्या रंगाच्या पट्टीचा करा. ‘क’ शेजारी पट्टी सरकवली की ‘का’, काढली की ‘क’. हे मुलाच्या हातानं वीस वेळा होऊ द्या. ‘क ला काना का’ असं म्हणायला लावू नका. त्या चालीत मूल ‘काका’ हा शब्द ‘क ला काना का, क ला काना का’ असा वाचतं आणि शेवटी शब्द कुठला होता हेच विसरतं. थेट ‘का’.

आता ‘आ’ दाखवा. ‘आ’ आणि काना ही एकाच आवाजाची दोन रूपं आहेत: शब्दाच्या सुरुवातीला एकटा आला तर ‘आ’, व्यंजनाला चिकटला तर काना. आत, आमटी, आरसा हे शब्द ऐकवा.

यानंतर दुसरी वेलांटी, पहिली नाही. काकी, मामी, पाणी, नाणी यांसारख्या रोजच्या मराठी शब्दांत शेवटी दीर्घच येते. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घ्या, कारण ती लिहितात आधी आणि म्हणतात नंतर. ‘कि’ला ‘इक’ वाचणारी मुलं डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचत असतात. त्यांना रागवू नका, वेलांटीची पट्टी अक्षरावरून आणून लावून दाखवा.

## टप्पा ६: पुढचे गट, आणि फसवी अक्षरं

दुसऱ्या गटात प, त, स, ब, ण घ्या: साप, ताक, बस, पान, बाण, पाणी, बाबा. पुढचे गट मुलाच्या घरातल्या नावांवरून, आवडत्या खाऊवरून तुम्हीच बनवा. एकच नियम पाळा: दिसायला किंवा ऐकायला जुळी असलेली अक्षरं एका गटात नकोत.

दिसायला जुळी: घ आणि ध, म आणि भ, य आणि थ, ब आणि व, ट आणि ठ. यांतलं एक पक्कं झाल्यावरच दुसरं आणा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फरक बोटानं दाखवा. घ, म, य यांची शिरोरेघ सलग असते; ध, भ, थ यांची डावीकडे तुटलेली असते. पुष्कळ पालक शब्द लिहून झाल्यावर वरून एकच लांब रेघ ओढतात. ती फट बुजली की ‘भ’चा ‘म’ होतो, आणि मग मूल चुकतं असं आपण म्हणतो. ‘ख’ लिहिताना दोन्ही भाग जोडा, नाहीतर मूल ‘रव’ वाचेल.

ऐकायला जुळी: त-ट, स-श, ल-ळ, न-ण. इथं पुन्हा कानाचा खेळ आधी: ताक-टाक, साल-शाल, काल-काळ. तुम्ही एक शब्द म्हणा, मुलानं कृती करावी. ‘टाक’ म्हटलं तर चेंडू टाकायचा, ‘ताक’ म्हटलं तर प्यायची नक्कल करायची.

च, ज, झ शेवटी ठेवा. चमचा आणि चाक यांतला ‘च’ वेगळा, चहा आणि चेंडू यांतला वेगळा. जाळं आणि जेवण, झाड आणि झेंडा, यांतही तेच. अक्षर एक, आवाज दोन. एका पुठ्ठ्याभोवती दोन वाट्या ठेवून वस्तू वाटायला दिल्या तर साडेपाच वर्षांचं मूल हे समजून घेतं, पण पंधरा-वीस अक्षरं पक्की व्हायच्या आधी नाही. ङ, ञ, ष, ऋ, क्ष, ज्ञ बालवाडीत सोडून द्या.

> तपासणी: अर्थ नसलेले शब्द वाचायला द्या: ‘कानर’, ‘घामक’. परग्रहावरच्या माणसांची नावं म्हणून सांगा. मूल ती वाचत असेल तर ते खरोखर आवाज जोडतं आहे. ‘कानर’ला ‘नारळ’ म्हणत असेल तर अंदाज बांधतं आहे. टप्पा ४ वर परत या.

## इंग्रजी माध्यमातलं मूल

फोनिक्समध्ये मुलाला ‘ब्’ असा अर्धा आवाज शिकवलेला असतो. आपल्या ‘ब’मध्ये ‘अ’ आहे. म्हणून अशी मुलं ‘बस’ शब्द ‘ब्स’ असा वाचतात. त्यांना सांगायचं इतकंच: मराठी अक्षर तोंड उघडून म्हणायचं. आवाज ऐकायची सवय शाळेनं लावलेली असते, ती इथं पूर्ण कामाला येते, आणि ही मुलं टप्पा २ लवकर ओलांडतात.

‘बी म्हणजे ब’ असा सोपा मार्ग मात्र काढू नका. ‘सी म्हणजे’ क की स? ‘टी म्हणजे’ ट की त? दोन लिप्यांची जोडी लावली की ‘तवा’ आणि ‘टाकी’ मुलासाठी एक होतात. मराठीची वेळ वेगळी, इंग्रजीची वेगळी, आणि एकाच दिवशी दोन्हींत नवं अक्षर नको. दिवाळे, घणसोलीसारख्या गावांत राहणाऱ्या आणि मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी हा परिच्छेद सोडा, पुढचा वाचा.

## घरची बोली वेगळी असेल तर

आगरी-कोळी घरांत पाण्याला ‘पानी’ म्हणतात, डोळ्याला ‘डोला’. या मुलांना ण आणि ळ हे आवाज घरात कमी ऐकू येतात, म्हणून या अक्षरांवर ती अडतात. ‘तू चुकीचं बोलतोस’ हे वाक्य अशा मुलासमोर कधीही उच्चारू नका. त्याची आई तसं बोलते, आजी तसं बोलते, आणि ती त्यांची भाषा आहे. ‘घरात आपण पानी म्हणतो, पुस्तक पाणी म्हणतं,’ एवढं सांगा. टप्पा २ मध्ये ण आणि ळ च्या शब्दांचे आठ-दहा दिवस जास्त घ्या, पुस्तकाचा आवाज कानात बसू द्या, मग अक्षर.

## टप्पा ७: रस्त्यावरच्या पाट्या

आता घराबाहेर. ठाणे-वाशी गाडीत बसलात तर स्टेशनांच्या पिवळ्या फलकांवर अक्षरं शोधा. आज फक्त ‘ळ’: रबाळे. ठाणे-पनवेल गाडीत बसलात तर नेरूळ. उद्या ‘ण’: ठाणे, घणसोली, कोपरखैरणे. पूर्ण नाव वाचायचा आग्रह नको, एक अक्षर सापडलं की झालं. दुकानांच्या मराठी पाट्या, बसवरची नावं, रिक्षा थांब्याचा फलक, सगळं चालतं. फलाटावर हात धरून, गाडी थांबलेली असताना.

पाटीवरचं नक्षीदार अक्षर मुलाला ओळखता आलं नाही तर ते स्वाभाविक आहे. साधी ठळक अक्षरं निवडा.

## टप्पा ८: लिहिणं

पाच वर्षांच्या आत पेन्सिलीचा हट्ट धरू नका. कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, चिमट्यानं कापूस उचलू द्या. बोटांत बळ आलं की पेन्सिल धरता येते. रव्याच्या ताटात आधी बोटानं, मग पाटीवर ओल्या बोटानं, मग खडूनं, मोठ्या आकारात. प्रत्येक वेळी अक्षर काढताना त्याचा आवाज म्हणायचा. न बोलता ओळीनं वीस ‘क’ गिरवले तर ते चित्र काढणं होतं, आवाजाशी त्याचा संबंध उरत नाही.

अक्षर आधी, शिरोरेघ शेवटी, आणि ती ज्या त्या अक्षराला वेगळी. वळण वाकडं आलं तरी दिशा बरोबर आहे का एवढंच पाहा. मग शब्द सांगा: ‘घर लिही.’ पुस्तकात बघून नाही, ऐकून. मूल स्वतःशी ‘घ… र…’ पुटपुटत लिहू लागलं तर त्याला मध्ये काहीही सांगू नका.